बत्तीसच्या बत्तीस

मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात, ते माप माझ्याकडे येतं, त्यात मी प्लास्टर ओतते, मेणावर एकेक दात बसवते, मग गुलाबी मसाला भरून शिजवते, घासते, चकाकी आणते. लोक मात्र म्हणतात, "डॉक्टरांनी काय सुंदर दात बनवले!" म्हणोत बापडे. पंचवीस वर्षांत मी एकाही पेशंटला हे सांगायला गेलेली नाही. ज्यांचं काम मी करते त्या डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

माझी खोली त्यांच्या दवाखान्यापासून दोन गल्ल्या सोडून, एका शिंप्याच्या दुकानावर आहे. खिडकीखाली लांब टेबल, टेबलावर घासायची मोटर, आणि भिंतीवर फळ्यांच्या रांगा. फळ्यांवर साचे. जगातली सगळी माणसं तोंड उघडून माझ्याकडे बघतायत असं नव्या माणसाला वाटतं आणि तो दारातूनच बोलतो. साच्यावर नाव नसतं, नुसता नंबर असतो. डॉक्टरीणबाईंचा नियमच आहे तो. कोणाच्या तोंडात दात नाहीत हे गावभर व्हायला नको म्हणून.

पण मला नावाची गरज कधी पडली नाही. साचा हातात घेतला की मी माणूस ओळखते, असं मी सगळ्यांना सांगत असे. हा पेन्सिल चावतो. ही झोपेत दात खाते. हा गोडघाशा. डॉक्टरीणबाई हसायच्या आणि म्हणायच्या, "ताई, तुम्ही पोलिसात जायला हवं होतं." मला ते ऐकून फार बरं वाटायचं, हे आता कबूल करते.

माझा थोरला भाऊ माझ्याजवळ राहतो. आम्ही दोघंच. तो एका गोदामाचा रखवालदार होता. बारा वर्षांपूर्वी त्या गोदामाला आग लागली. मागचं दार कुलूपबंद होतं आणि त्या दारापाशी एका हमालाचा जीव गेला. किल्ली दादाच्या खिशात सापडली. दार दिवसाही बंद ठेवायचा हुकूम मालकाचा होता, माल चोरीला जातो म्हणून. दादाने दोनदा सांगितलं होतं की हे बरं नाही, आत माणसं असतात. मालक कोर्टात शपथेवर म्हणाला, असा हुकूम मी कधी दिलाच नाही. किल्ली खिशात, कुलूप दाराला, आणि मालकासारखा प्रतिष्ठित माणूस समोर. वर्षभराने दादाला तीन वर्षांची शिक्षा झाली. निकाल ऐकून मी बाहेर आले तेव्हा मालक पायऱ्यांवर कोणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा मारत होता.

तुरुंगातून दादा आला तो निम्मा होऊन. दातही बरेचसे गेले होते. "तिथलं पाणी बरं नव्हतं," एवढंच म्हणाला. उरलेसुरले त्याने दोन वर्षांपूर्वी काढून घेतले. मी कवळ्या बनवणारी, आणि माझा सख्खा भाऊ बोळक्या तोंडाने पेज पितोय! शंभर वेळा त्याच्या मागे लागले. तो म्हणायचा, "मिरची, मला कुठे भाषण करायचंय?" मिरची म्हणजे मी. नाव त्यानेच ठेवलंय, मी सहा वर्षांची असताना, आणि ते उगाच ठेवलेलं नाही.

पूर्वी तो आमच्या ख्रिस्ती देवळात, रविवारच्या उपासनेत, शास्त्रपाठ वाचायचा. आवाज असा की पोरंटोरं चुळबुळ थांबवायची. आल्यापासून तो शेवटच्या बाकावर बसतो. आणि पहिल्या बाकावर कोण बसतं? मालक. देवळाचं नवं छप्पर त्यानेच घालून दिलंय. दारावर त्याच्या नावाची पाटी आहे. सत्तरी उलटली तरी गडी ताठ, नातवंडं गुटगुटीत, दुसरं गोदाम उघडलंय, आणि दर रविवारी उपासना संपली की दारात उभा राहून सगळ्यांकडे बघून हसतो. काय ते दात! शुभ्र, सरळ, एका ओळीत. माझी खात्री होती की ती कवळी आहे, कुठल्यातरी भारी लॅबची. सत्तरीत असे दात खरे असतात का? मी काय आजची आहे या धंद्यात?

त्या खात्रीमागे आणखी एक कारण होतं, ते सांगायला लाज वाटते. दादाला शिक्षा झाली त्या दिवसापासून मी रोज एक प्रार्थना करत होते. साधीच. देवा, त्याचे दात पाड. इतर बायका शत्रूला काय काय शाप देत असतील, मला माझ्या धंद्यातलंच सुचलं. देवळाच्या पाळकांना मी एकदा आडून विचारलंही होतं, असली प्रार्थना चालते का? ते म्हणाले, शास्त्रातही लोकांनी रागारागाने असं मागितलेलं आहे, आणि देवाने ते ऐकून घेतलं आहे. ऐकून घेतलं म्हणजे केलं असं नव्हे, असंही ते पुढे म्हणाले. ते मी सोयीने विसरले.

तर यंदा थंडीच्या शेवटी माझ्याकडे सत्तेचाळीस नंबरचा डबा आला. वरची-खालची पूर्ण कवळी. चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंनी लिहिलं होतं, "पुरुष, वयस्कर. सगळ्यात चांगले दात वापरा. घाई आहे." त्या असं कधी लिहीत नाहीत. आणि त्याच सकाळी दवाखान्यावरून येताना मी मालकाची काळी गाडी दारात उभी असलेली पाहिली होती.

मी साचा खिडकीपाशी नेला. खालच्या जबड्याची उजवी कड पार झिजलेली, डावी उंच. म्हणजे उजवीकडचे दात फार आधी गेलेले. कशाने जातात दात? खाऊन खाऊन, हेळसांडीने. ऐषआरामाचं तोंड, मी मनाशी म्हटलं. जुनी कवळी आता सैल झाली असणार, म्हणून साहेबांना नवी हवी. सगळ्यात चांगले दात हवेत. गाडी, चिठ्ठी आणि ही कड. मला आणखी काय हवं होतं? अकरा वर्षं मी देवाला ज्या तोंडाविषयी सांगत होते, ते देवाने आणून माझ्या टेबलावर ठेवलं होतं. आता बोल, असंच जणू तो म्हणत होता.

मी वाईट काम करणार नव्हते, एवढं ऐकून घ्या. वाईट काम माझ्या हातून होतच नाही. दात मी इतके सुरेख बसवले की माझं मलाच कौतुक वाटलं. वरचा एक दात मी नेहमीप्रमाणे किंचित तिरका ठेवला. सगळे दात एका ओळीत असले की तोंड कुंपणासारखं दिसतं, म्हणून ही माझी जुनी खोड. मेणावरची कवळी दवाखान्यात पेशंटच्या तोंडात घालून बघितली, बसली असा निरोप आला. मग शिजवली. साच्यात कधी कधी हवेचा बुडबुडा राहतो आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्याची बारीक गाठ उठते. ती काढायची असते. आम्ही कापसाचा बोळा आतून फिरवतो. बोळा अडकला की तिथे गाठ आहे, मग मोटरवर ती घासून टाकायची. दोन मिनिटांचं काम.

खालच्या कवळीत डाव्या बाजूला बोळा अडकला. मोहरीएवढी गाठ होती.

मी ती ठेवली.

हिशेब असा होता की डॉक्टरीणबाई माझं काम तपासत नाहीत, वीस वर्षांचा विश्वास आहे. मालक घरी जाईल, पहिला घास घेईल आणि टोचेल. बोलेल तेव्हा टोचेल. मग दवाखान्यात चकरा मारील, डॉक्टरीणबाई शोधून काढतील, घासून देतील. चार-पाच दिवसांची शिक्षा. दादाच्या तीन वर्षांपुढे चार-पाच दिवस! मला ती शिक्षा फार सौम्य वाटली. डबा बंद करून पाठवला आणि त्या संध्याकाळी कित्येक दिवसांनी मी घरी गुणगुणत भांडी घासली. दादा म्हणाला, "आज स्वारी खुशीत?" म्हटलं, "काम चांगलं झालं."

तो खूप हसला. का हसला ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी देवळात माझ्या नेहमीच्या जागी बसले. दादा म्हणाला होता, "तू पुढे हो, मी येतो." डॉक्टरीणबाई मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि माझा हात दाबला. मला वाटलं, आज यांना काय झालंय? पुढे मालक बसला होता. मान ताठ, गाणी मोठ्याने म्हणत होता. मी कान देऊन ऐकत होते, कुठे अडखळतोय का. छे! स्वच्छ शब्द, खणखणीत आवाज.

मग पाळक म्हणाले की आपले जुने वाचक आज पुष्कळ वर्षांनी शास्त्रपाठ वाचणार आहेत. आणि शेवटच्या बाकावरून दादा उठला. धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले. बाकांच्या मधून चालत पुढे गेला, पुस्तक उघडलं, सगळ्यांकडे पाहिलं, मला शोधलं आणि हसला.

वरचा एक दात किंचित तिरका होता.

डॉक्टरीणबाई कानात म्हणत होत्या, "कशी वाटली भेट? पाळकांनी फारच आग्रह केला तेव्हा तुमचे दादा तयार झाले. म्हणाले, माझ्या मिरचीच्या हातचेच दात हवेत, पण तिला कळता कामा नये. काल संध्याकाळी बसवले." मी विचारलं, "आणि मालक? त्यांची गाडी होती दवाखान्यात." त्या म्हणाल्या, "ते होय! ते वर्षातून एकदा दात साफ करून घ्यायला येतात. सगळे स्वतःचे आहेत हो त्यांचे. बत्तीसच्या बत्तीस."

दादा वाचत होता. पाठ पाळकांनी निवडला होता. वाईट माणसांची भरभराट बघून मन जाळून घेऊ नका, वाट पाहा, अशा अर्थाचा. पहिल्या दोन ओळी तो जुन्याच आवाजात वाचून गेला आणि अख्खं देऊळ गप्प झालं. तिसऱ्या ओळीला त्याचा हात जबड्याकडे गेला. डावीकडे. तो थांबला, गिळलं, पुन्हा वाचू लागला. प्रत्येक ओळीत तो कुठे थांबणार हे मला आधीच कळत होतं, कारण ती जागा मी माझ्या हाताने ठेवली होती. मागच्या बाकावर कोणीतरी कुजबुजलं, "राहिली नाही हो वाचायची सवय." मला उठून ओरडावंसं वाटलं की सवयीचा प्रश्न नाही, दोष माझा आहे. मी उठले नाही. माझी दातखीळ बसली होती. दादाने शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. पुस्तक मिटलं आणि रुमाल तोंडाला लावला. रुमालावर लाल ठिपका मी इतक्या लांबून पाहिला.

दारात मालक उभा होता. दादाचा हात हातात घेऊन म्हणाला, "छान वाचलंत." आणि हसला. मी त्या दातांकडे पाहिलं. मुळापासून घट्ट, खरेखुरे. अकरा वर्षांच्या माझ्या प्रार्थनेने त्यातला एकही हलला नव्हता.

मी दादाला घरी नेलं नाही. तडक माझ्या खोलीत घेऊन गेले. रविवार असल्यामुळे खाली शिंप्याचं दुकान बंद होतं. त्याला खिडकीपाशी स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "काढ."

"अगं, नव्या कवळीला टोचतंच थोडं. डॉक्टर म्हणाल्या, सवय होईल."

"दादा, काढ म्हणते ना!"

त्याने काढून हातावर ठेवली. हिरडीवर जखम झाली होती. मी बोळा फिरवला. अडकला. मोटर चालू केली, आणि तेवढ्यात मला रडू कोसळलं. मोटर तशीच फिरत होती आणि मी सगळं सांगून टाकलं. गाडी, चिठ्ठी, कड, गाठ. रोजची प्रार्थनासुद्धा.

दादाने मोटर बंद केली. मला वाटलं आता हा माझ्याशी कधीच बोलणार नाही, आणि तेच बरोबर होईल.

"म्हणजे हे मालकासाठी होतं?" त्याने बोळक्या तोंडाने विचारलं.

मी मान हलवली. आणि तो हसायला लागला. आधी बारीक, मग स्टूल हलेपर्यंत. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. "अगं बाई," म्हणाला, "माझ्या वाट्याला त्याचं काय काय येणार आहे अजून?"

त्या हसण्याने मला जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, "पण ती उजवी कड इतकी झिजलेली कशी? मी समजले की—"

त्याचं हसू थांबलं. "तुरुंगात पहिल्याच महिन्यात एकाने मारलं. मेलेल्या हमालाचा तो चुलतभाऊ होता. त्याला कळलं होतं, दार मी बंद केलं म्हणून. उजवीकडचे चार गेले."

"तू पाणी बरं नव्हतं म्हणालास."

"तुला काय सांगणार? तू त्याचेही दात पाडायची प्रार्थना सुरू केली असतीस."

किल्ली खिशात होती म्हणून कोर्टाने दादाला दोषी ठरवलं. त्या कोर्टाला मी अकरा वर्षं शिव्या मोजल्या. आणि मीही गाडी बघितली, चिठ्ठी वाचली, एक झिजलेली कड पाहिली आणि निकाल दिला. कोर्टाने निदान साक्षीदार तरी बोलावले होते.

दादा म्हणाला, "पहिलं वर्ष मी रोज मालकाला शिक्षा द्यायचो. मनात. कधी बुडवायचो, कधी जाळायचो. आणि सकाळी उठलो की तो आपला जिवंतच, आणि मी मात्र आदल्या दिवशीपेक्षा दमलेला. मग एक दिवस म्हटलं, प्रभू, ही फाईल तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे ती नीट राहत नाही, कोणाची पानं कोणात मिसळतात."

"आणि त्याने ठेवली? अकरा वर्षं झाली दादा. त्याच्या नावाची पाटी आहे देवळाच्या दारावर!"

"हो, आहे. मी दर रविवारी वाचतो." त्याचा आवाज कापला, आणि मला कळलं की हे सगळं त्याला सोपं गेलेलं नाही, आजही जात नाही. "मला राग येत नाही असं समजू नकोस. आज त्याने हात हातात घेतला तेव्हा वाटलं, पिरगळावा. पण मिरची, किल्ली कोणाच्या खिशात होती हे कोर्टाने बघितलं. ती ठेवायला कोणी लावली, हे बघणारा एकच आहे. त्याने जर बघितलं नसेल, तर मग मला जगात कुठेच दाद नाही. म्हणून मी त्याच्यावरच विसंबून आहे. केव्हा निकाल देईल ते मला ठाऊक नाही. मी असेन-नसेन."

मग म्हणाला, "आणि त्या दिवशी मालकाला क्षमा मागायची बुद्धी झाली, तर तीही चालेल मला. आज नाही चालणार. पण त्या दिवसापर्यंत चालू लागेल."

मी मोटर पुन्हा चालू केली. गाठ घासायला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. गुलाबी भुकटी झाली, ती मी फुंकली. बोळा फिरवला, अडकला नाही. पुन्हा फिरवला. तिसऱ्यांदा दादाच म्हणाला, "अगं, बस की आता."

सोमवारी मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वीस वर्षांत प्रथमच त्यांनी मला अहो-जाहो सोडून विचारलं, "हे तू केलंस?" आता माझ्याकडून गेलेली प्रत्येक कवळी त्या आतून बोट फिरवून बघतात. बघू देत. साच्यावरून माणूस ओळखायचा माझा खेळ मी बंद केला आहे. शिंपी मध्ये एकदा विचारत होता, हा कोण असेल? म्हटलं, अडतीस नंबर.

दादाची जखम भरायला दहा दिवस लागले. त्यानंतरच्या रविवारी पाळकांनी पुन्हा त्यालाच वाचायला सांगितलं. तो या वेळी कुठेच थांबला नाही. मागच्या बाकावर कोणी कुजबुजलं नाही. मी मात्र ओळीओळीला त्याच्या हाताकडे बघत होते, आणि हात पुस्तकावरच राहिला.

माझी प्रार्थना मला बदलावी लागली. जुनी तोंडात इतकी बसली होती की पहिले काही दिवस "देवा, त्याचे" इथपर्यंत आपोआप यायची आणि मग मी अडखळायचे. आता मी तिथेच थांबते. देवा, त्याचं. पुढचं देवाने त्याचं ठरवावं.

मालक अजून पहिल्या बाकावर बसतो, अजून दारात उभा राहून हसतो. बत्तीसच्या बत्तीस शाबूत असतील. मी मोजायचं सोडलं आहे.